तिसऱ्यांदा मोजलेलं बीपी

मॅडम, बीपीच्या यंत्राचा स्फिग्मोमॅनोमीटर हा शब्द मला अजून एका दमात येत नाही, आणि आता तो यावा असं वाटतही नाही. धुळ्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये त्या एका शब्दापायी तुम्ही मला अख्खा तास उभं केलं होतंत. मुली रुमालाआड हसत होत्या. वर माझी खान्देशी बोली वर्गाबाहेर ठेवून यायला सांगितलीत. नाही ठेवली. शिरपूरजवळच्या उपकेंद्रात इतकी वर्षं तीच बोलतेय, आणि बाया माझं ऐकतात.

आज सकाळचंच सांगते. आठवा महिना भरत आलेली एक सून, पायांवर सूज, बीपी एकशे सत्तर-एकशे दहा. सासू म्हणते, "तुनं मशीन बिघडेल शे. ती सकायपाइन भाकरी थापी ऱ्हायनी." फोनवर नवे डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, परत बघा. प्री-एक्लॅम्प्सिया आहे का?" म्हटलं, "दोनदा बघितलंय. शब्द तुम्ही कागदावर लिहा, गाडी आधी पाठवा." मग सासूचा हात धरला. "माय, मशीन चांगलं शे. आज नही गई, त दोन्ही जीव जातीन." सून गाडीत बसली. दुपारी बाळंत झाली, दोन्ही जीव बरे आहेत.

तुम्ही म्हणाला असतात, पुन्हा मोज. वर्गातला तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्ही खुर्चीत बसता, बाही वर करता, सगळ्यांसमोर मला बोलावता. मी पट्टा बांधते, पारा चढवते. पहिला ठोका एकशे नव्वदला. "पुन्हा." पुन्हा एकशे नव्वद. "जिच्या जिभेला यंत्राचं नाव झेपत नाही, तिच्या कानांवर मी विश्वास ठेवू? मोज पुन्हा." तिसऱ्यांदा मोजून मी एकशे वीस-ऐंशी म्हणाले. "आता कसं," म्हणालात, आणि फळ्यावर लिहिलंत. दोन महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन तुम्ही गेलात. मी चुकले नव्हते, मॅडम. जीभ जड होती, कान शाबूत होते. तुमच्या फोटोला हार घालतानाही मी मनात हेच म्हणत होते, आणि आजही म्हणते.

हे पत्र पाठवायचं कुठे? ड्यूटीच्या रजिस्टरात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. तिसऱ्यांदाही मला एकशे नव्वदच ऐकू आलं होतं. तुम्हाला घाबरून मी खोटं बोलले.