स्वतंत्र दाराची खोली

शनिवार, १० जानेवारी २०२६

चाव्या मिळाल्या. एकूण अकरा, त्यातल्या चार कशालाच लागत नाहीत. कार्ल्सरूहेपासून गाडीनं पस्तीस मिनिटं. गावात एक बेकरी, तीही दुपारी बंद. घर शेतकऱ्याचं – ओकचा लाकडी सांगाडा, मधे काठ्या, गवत, माती. मक्लर, म्हणजे इथला घरांचा दलाल, म्हणाला १७९०चं. मक्लर लोक काहीही म्हणतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर, मला दिसलं ते एवढंच की एकही कोपरा काटकोनात नाही.

मैथिलीनं उंबऱ्याशी नारळ फोडला, मधल्या खांबाला कुंकवाचं बोट लावलं. अन्वीनं जर्मनमध्ये विचारलं, "वारुम?" – का? मैथिली म्हणाली, आपल्यात करतात म्हणून. पोरीला ते पटलं नाही.

ठरलेलं असं – तळमजल्यावरची मागची खोली आईला. तिच्या गुडघ्यांना जिना नको. आत्ता त्या खोलीत जायचं तर स्वयंपाकघरातून. भिंत फोडून अंगणात दार काढायचं, शेजारी बाथरूम. त्यासाठी चिंचवडचा फ्लॅट विकायचा. फ्लॅट माझ्या नावावर आहे, बाबा गेल्यावर आईनंच करून दिला. ती तिथे एकटी राहते, म्हणजे तसंही तिला हलवायला हवंच. गणपतीत गेलो होतो तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही. म्हणजे हो.

बुधवार, १४ जानेवारी

डेंकमालआम्टचं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीचं पत्र. घर संरक्षित यादीत आहे (हे माहीत होतं), मागची भिंतही (हे नव्हतं). नवं दार काढता येणार नाही. तिथे पूर्वी दार होतं असा पुरावा मिळाला तर बोलू.

म्हणजे आता दार शोधायचं!

शनिवार, २४ जानेवारी

फ्राउ एबरले येऊन गेल्या. जुन्या घरांचा अभ्यास हाच धंदा. साठीच्या असाव्यात, गुडघ्यांना पॅड बांधून घरभर रांगत होत्या. खांबांना पेन्सिलीएवढी भोकं पाडून लाकडाच्या कांड्या काढल्या – वर्तुळं मोजून झाड कधी तोडलं ते कळतं.

मधल्या खांबाशी थबकल्या. भिंग काढलं. लाल रंगाचा अवशेष, म्हणे, पूर्वी असे खांब लाल रंगवत. खरवडायला सुरी काढली तेव्हा मला सांगावंच लागलं – दोन आठवड्यांपूर्वीचा आहे, बायकोनं लावलाय. हसल्या नाहीत. वहीत नोंद केली: २०२६, कुंकू. "हाही घराचा एक टप्पाच की."

शनिवार, ७ फेब्रुवारी

निकाल. पुढच्या भागाचं झाड १७०२च्या हिवाळ्यात तोडलेलं. मक्लर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी चुकला. गोठा नंतरचा, १७९१. मागची खोली त्याहून नंतरची, १८४३. आतला सिमेंटचा थर १९६०च्या आसपासचा, आणि घरातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच.

काही तुळयांना रिकाम्या खाचा आहेत. त्या आधी दुसऱ्याच घरात होत्या, ते जळलं, उरलेलं लाकूड इथे लागलं. सुताराच्या खुणाही सापडल्या, सांध्यासांध्याला छिनीनं कोरलेल्या रेघा. जमिनीवर सगळं जुळवायचं, नंबर घालायचे, मग उभं करायचं. आमची असेंब्ली लाइन यापेक्षा फार वेगळी नाही. बराच वेळ एका सांध्यापाशी उभा होतो.

मैथिली म्हणाली, "खांबांची एवढी चौकशी करतोयस. आईंना नीट विचारलंस का?" म्हटलं, सांगितलंय. ती म्हणाली, "मी विचारलंस का म्हणतेय."

रविवार, १५ फेब्रुवारी

सिमेंट काढलं. मागच्या भिंतीत विटांनी बुजवलेली चौकट! शेजारी चुलीची काजळी. म्हणजे खोलीला स्वतःचं दार होतं, स्वतःची चूलही. फ्राउ एबरलेंना फोटो पाठवला. उत्तर एका शब्दाचं – गेनाऊ. अगदी बरोबर.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आईचा फोन. ब्रोकर फ्लॅट बघून गेला, चपला न काढता आतपर्यंत आला. म्हटलं, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "हो का."

शनिवार, २८ फेब्रुवारी

फ्राउ एबरलेंनी दप्तरखान्यातून कागद आणला. १८४३चा. इथली जुनी रीत – म्हातारपणी घर आणि शेत मुलाच्या नावावर करायचं, पण त्याआधी करार करून घ्यायचा. याला लाइबगेडिंग म्हणतात. या घरच्या विधवेनं घेतलेला असा – मागे स्वतंत्र दाराची खोली. तिची चूल, तिची किल्ली. पेअरच्या झाडाची अर्धी फळं. मुलानं आणि सुनेनं दार वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. ती जिवंत आहे तोवर तिला कोणी तिथून हलवायचं नाही.

याहून चांगला पुरावा काय हवा. मी खूश होतो. संध्याकाळी आईला फोनवर अख्खा कागद मराठीत वाचून दाखवला. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "परत वाच. सावकाश, लिहून घेते." मी परत वाचला. पेअर म्हणजे काय, तेही सांगितलं.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. दाराची परवानगी आली.

आईला कळवलं. "छान झालं," म्हणाली.

शनिवार, २८ मार्च

आईचं पत्र, स्पीड पोस्टानं. आत स्टॅम्प पेपर, तिच्या अक्षरात. तोच करार, कलमाला कलम, फक्त पत्ता चिंचवडचा. तिची चूल, तिची किल्ली. जिवंत आहे तोवर कोणी हलवायचं नाही. ब्रोकरला तिनं पाडव्याच्या आधीच परत पाठवला होता. सोबत चिठ्ठी – "तुझ्या नावावर करून दिलं तेव्हा मी काही लिहून घेतलं नव्हतं. तुझ्याकडे येईन, दोन महिने राहून परत येईन. सही करून पाठव."

लाज वाटली. खाली सहीसाठी जागा सोडलीय. माझं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, तिनंच लिहून ठेवलंय.