जाळेकाकूंचा मुक्काम

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरल्यामुळे वाकलेलाच आहे, ताठ उभं राहणं सध्या जमत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? हवा गार झाली की तो कुरकुरतो. शेक घेत जा, आणि वाळवण घालायला गच्चीवर स्वतः चढू नकोस. आमच्याकडे पानगळ जोरात आहे. दारातलं झाड रात्रभर पानं गाळतं आणि मी सकाळी झाडतो, असा आमचा करार आहे, त्यावर सही मात्र एकट्या झाडाची आहे.

अंधार लवकर पडतो म्हणून तुझी भाची पाचलाच घरात येते, आणि भिंगरी घरात म्हणजे तिचे छंदही घरात. आधी पिसं जमवली, चार दिवस. मग पानं वहीत घालून वाळवली (पानं कुजली, वहीही कुजली). बासरी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी हात जोडून बंद पाडली. अशात शाळेतल्या बाईंनी फर्मान काढलं की पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी प्रत्येकाने वर्गापुढे उभं राहून आपल्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. तुला ठाऊकच आहे, पोरीचं तोंड घरी मिटत नाही आणि वर्गात उघडत नाही. हजेरीला ती नुसता हात वर करते. आम्ही दोघं काळजीत होतो.

आणि त्याच आठवड्यात तिला बाथरूमच्या खिडकीत एक कोळी सापडला.

मला कोळ्याची भीती वाटते हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मी झाडू आणायला वळलो, तर भिंगरी दारात आडवी.

"बाबा, हळू! त्या विणतायत."

"कोण त्या?"

"जाळेकाकू."

त्या दिवसापासून आमच्या घरात काकूंचं राज्य सुरू झालं. वाफेने जाळं सैल पडतं, म्हणून गरम पाणी बंद. खिडकी उघडायची नाही, दार आपटायचं नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. मी दाद मागायला हिच्याकडे गेलो. ही दिवसभर लोकांचे कपडे शिवते, दुसऱ्याच्या शिवणीला सहसा बरं म्हणत नाही. ती दहा मिनिटं खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "टाके बघा कसे सारखे आहेत." झालं, माझं अपील फेटाळलं गेलं. मी तीन आठवडे गार पाण्याने अंघोळ केली.

पण ताई, पोरीची वही बघायला हवी होतीस. "सोमवार. काकूंनी माशी खाल्ली, पंख टाकले. मी वांग्यातल्या बिया टाकते तर आई रागावते." किंवा हे बघ: "बुधवार. काकू दिवसभर हलल्या नाहीत. त्यांना बहुतेक रविवार वाटला." इतके दिवस एका गोष्टीला चिकटून बसलेली भिंगरी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या शुक्रवारच्या आधीच्या मंगळवारी गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. भला माणूस. जाता जाता त्याने फडक्याने खिडकीचा कोपराही पुसून दिला. भिंगरी शाळेतून आली, खिडकीकडे बघितलं, आणि रडली नाही. (रडली असती तर बरं झालं असतं.) वही मिटून म्हणाली, "शुक्रवारी मी शाळेत जाणार नाही. सांगण्यासारखं काही उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटामागे, तोंडात टॉर्च धरून रांगत होतो. एका हातात बरणी. उसण तिथलीच. मागून आमच्या मुख्य ग्रंथपाल बाईंचा आवाज आला, "काही हरवलं का?" मी म्हटलं, "नाही, सापडलं." बाईंनी बरणीत डोकावून पाहिलं, डोळे घट्ट मिटले, आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी मला झाकण लावून दिलं. मोठ्या मनाची बाई.

मग बस. झाकणाला मी हवेसाठी भोकं पाडली होती. ती जरा उदार झाली आहेत हे गाडी सुटल्यावर लक्षात आलं. सात थांबे मी त्यांवर तळहात दाबून बसलो. तळहाताला खालून काहीतरी चाचपडत होतं, जास्त सांगत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मध का?" मी म्हटलं, "कोळी." तिथून पुढे सगळा बाक मला एकट्याला मिळाला.

घरी येऊन म्हटलं, "बघ, काकू सापडल्या! वाचायला गेल्या होत्या." भिंगरीने बरणीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. तो अजून भोकांवरच दाबलेला होता. म्हणाली, "हो बाबा. त्याच आहेत."

पण स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला सांगितलं (आणि हिने रात्री मला), "ह्यांच्या पाठीवर पांढरा ठिपका आहे, काकूंना नव्हता. बाबांना सांगू नकोस हं."

शुक्रवारी दुपारी शाळेतल्या बाईंचा फोन आला. मला वाटलं, पोर चक्कर येऊन पडली. तर म्हणे ती वीस मिनिटं बोलली, घंटा झाली तरी कुणी उठेना. अर्धा वेळ कोळ्यांवर, आणि अर्धा वेळ माझ्यावर: कोळ्याला घाबरणारा माणूस सात थांबे भोकांवर हात ठेवून कसा आला. (हे मी जेवताना सांगितलं होतं, पंधरा थांबे म्हणून. तिने मोजून सात केले.) आता शाळेच्या फाटकाशी पोरं मला "कोळीवाले बाबा" म्हणतात. खरं सांगतो, मान ताठ होते. कंबर अजून नाही.

असो, कागद संपत आला. जिवाला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. — जाळेकाकू काल परत आल्या. आरशामागे होत्या, तब्येत उत्तम.

ता. क. २ — दोन कोळी एका खोलीत ठेवले तर मोठा धाकट्याला खातो, असं वहीत पान अकरावर आहे. तेव्हा ठिपकेवालीला जागा हवी. भिंगरीने बरीच स्थळं पाहिली, त्यांत तुझं घर पसंत पडलं: माणूस एक, कोपरे पुष्कळ. रविवारी दुपारच्या गाडीने तिघं येतोय. बरणी धरून चौघं.

ता. क. ३ — "आत्याने स्वतःहून मागितली," असं मी पोरीला सांगून बसलोय. ती दारातूनच "आत्या, आणली!" म्हणून ओरडेल, तेव्हा चेहरा आनंदाचा ठेव. सरावाला चार दिवस आहेत.