कर्ण्यातली दुपार

३ मार्च
आलो एकदाचा! सामान लावून झालं. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर लावून झाला, कपडे अजून पेटीतच आहेत. लोक घर बघताना पाणी बघतात, ऊन बघतात. मी कर्णे बघून घर घेतलं. पुढच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे आहेत, दोन, चांगले पुरुषभर उंच. खाली लाकडी खोकी आणि वर रुंद तोंडाचे पत्र्याचे कर्णे. घरमालकीणबाई म्हणाल्या, आधीचे भाडेकरू थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचे, थिएटर पाडलं तेव्हा हे घेऊन आले. नंतर दार बदलून अरुंद केलं, त्यामुळे आता ते बाहेर निघत नाहीत. अडचण वाटत असेल तर कापून काढते, असंही म्हणाल्या. कापून! मी घाईघाईनं दोन्ही हात जोडले. बाईंना वाटलं नमस्कारच केला, त्यांनीही केला.

पोचलो म्हणून लेकीला फोन केला. तिनं आधी विचारलं, जेवलो का. अगदी आईच्या वळणावर गेलीय पोरगी.

५ मार्च
आज पहिल्यांदा वाजवलं. माझा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हचा. ताकद बेताची, जेमतेम आठ वॉट. साध्या स्पीकरवर बिचारा धापा टाकायचा. पण कर्ण्याला जास्त लागतच नाही, थोडक्यात खूश असतो. व्हॉल्व्ह तापायला पाच मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो. खुर्ची बरोबर मध्यावर ठेवली, सुई टेकवली. आणि काय सांगू! व्हायोलिनवाला तारेवर गज ठेवण्याआधी श्वास घेतो, तो श्वास ऐकू आला. ही रेकॉर्ड माझ्याकडे तीस वर्षं आहे, पण त्याचा श्वास कधी ऐकला नव्हता.

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. राहिलेला अनुस्वार मला दुरून दिसायचा, कानाचंही तसंच आहे. ही म्हणायची, घरात भांडं पडलं तरी तुम्हांला ऐकू येत नाही आणि रेकॉर्डवर माशी बसली तर कळतं. अ‍ॅम्प्लिफायरला ती सवत म्हणायची. सवत तापली का, की चहा थंड करू, असं दारातून विचारायची.

चहा दोन कप झाला. चार महिने होत आले, हाताला अजून सवय नाही. दुसरा कपही मीच प्यायलो.

९ मार्च
मध्येच किणकिण येते म्हणून बाजारातल्या रेडिओवाल्यांना बोलावलं. माझ्याहून म्हातारे, चष्म्याला दोरी. त्यांनी पेन्सिलीनं एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली. तिसऱ्याला मारल्यावर कर्ण्यातून ठण्ण आवाज आला. म्हणाले, हा व्हॉल्व्ह ऐकायला लागलाय. कधीकधी होतं असं. आतली जाळी सैल होते, मग तो खोलीतले आवाज पकडतो आणि मोठे करून सोडतो. बदलून टाका. मी म्हटलं, राहू दे, गोडवा त्याच्यातच आहे. त्यांनी मान हलवली. शौकीन माणसापुढे त्यांनी हात टेकलेले दिसले.

ते गेल्यावर बसल्याबसल्या विचार आला. कर्णा. काम बोलण्याचं आणि नाव मात्र कानाचं. एवढी वर्षं हा शब्द तपासला, कधी लक्षात आलं नाही.

१२ मार्च
दुपारी रेकॉर्ड संपली. सुई उचलून ठेवली, अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिला. खुर्चीतच डोळा लागला असावा. जाग आली ती कर्ण्यातून येणाऱ्या नळाच्या आवाजानं.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, नळ बंद. परत आलो तर कर्ण्यात पाणी चालूच होतं. मग नळ बंद झाल्याचा आवाज. मग सपाता. एक पाय नीट, एक घासत. हिचा डावा गुडघा दोन वर्षं दुखत होता, तो पाय ती असाच ओढायची.

मी उठलो नाही. उठलो असतो तर बंद झालं असतं, असं वाटलं.

१३ मार्च
आजही. रेकॉर्ड लावलीच नाही, नुसता अ‍ॅम्प्लिफायर तापवून बसलो. झाकण पडलं. मेल्या झाकणा, असं ती पुटपुटली. तिचाच आवाज, माझी शंभर टक्के खात्री. मी आनंदानं रडलो, असं लिहायला लाज वाटते, पण रडलो.

१४ मार्च
काल जिथे थांबलं तिथून आज पुढे. रोज दहापंधरा मिनिटं, क्रमानं. आज तिनं डबे पुसून फळीवर लावले आणि गुणगुणली. मागून, भिंतीपलीकडून, बारीक आवाजात व्हायोलिन ऐकू येत होतं. माझी रेकॉर्ड.

म्हणजे ही कुठली दुपार आहे ते मला कळलं.

१५ मार्च
हे कुणाला सांगितलेलं नाही. वहीला सांगतो.

त्या दिवशी मी जुन्या घरी, पुढच्या खोलीत होतो. नवी सुई आली होती. तीच व्हायोलिनची रेकॉर्ड लावून आवाज चांगला मोठा केला. स्वयंपाकघरातून हिनं हाक मारली, अहो, ऐकलंत का. ऐकलं होतं. पण आम्हां शौकिनांत रेकॉर्डची बाजू अर्धी सोडत नाहीत. मध्येच सुई उचलणं म्हणजे माणसाचं बोलणं तोडण्यासारखं, असं मीच सगळ्यांना शिकवायचो. म्हटलं डबा काढून हवा असेल, नाहीतर वेलची सापडत नसेल. एवढी बाजू होऊ दे. बाजू बावीस मिनिटांची. संपल्यावर गेलो. ती ओट्याखाली, फळीला टेकून बसलेली. गेलेली.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेल्या, कळलंही नसेल. मी तो शब्द घट्ट धरून ठेवला. आणि लेकीला सांगितलं, माझ्या हातात तिचा हात होता, माझ्याशी बोलता बोलता गेली. पोरगी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, बाबा होते जवळ, हे एवढं बरं झालं. त्या एका वाक्यावर ती उभी आहे. ते वाक्य खोटं आहे.

१७ मार्च
दोन दिवस अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला नाही. आज लावला. न लावून सांगतो कुणाला!

एकच ऐकायचं आहे. ती काय सांगत होती? हाक मारल्यावर पुढे काय म्हणाली? मला माफ केलं की शिव्या घातल्या? शिव्या चालतील. घालू दे मनसोक्त.

आज ती खुर्ची ओढून बसली. श्वास जड. व्हायोलिन चालू.

१८ मार्च
अहो, ऐकलंत का.

मी ओ दिली. मोठ्यानं, कर्ण्याच्या तोंडाशी जाऊन म्हटलं, ओ, आलो, अगं आलो.

कर्ण्यात सगळं थांबलं. व्हायोलिनसुद्धा. मग सपाता, एक नीट, एक घासत. स्वयंपाकघरातून बाहेर. जवळ. आणखी जवळ. कर्ण्याच्या आत, पत्र्याला तोंड लावून कुणी श्वास घेत होतं. ऊब माझ्या गालाला लागली.

मी मेन स्विच बंद केला.

चार महिने तिची एक हाक यावी म्हणून जीव टाकत होतो, आणि माझ्याच बायकोला मी घाबरलो. शी! केवढा नालायक मी.

१९ मार्च
अ‍ॅम्प्लिफायर बंद आहे. व्हॉल्व्ह गार. तरी येतंय.

हाका माराव्यात तरी किती! मी मोजल्या. अकरा. दोन हाकांच्या मध्ये थांबून ऐकते आहे, बाजू संपली का. माझी सवय तिला पाठ होती. ती वाट बघत होती. झटक्यात वगैरे काही नाही. सगळी बाजूभर—

ओ द्यायला तोंड उघडलं. कालची ऊब आठवली, मिटून घेतलं.

२० मार्च
तारा काढल्या. अ‍ॅम्प्लिफायर पेटीत, पेटी पलंगाखाली. रेडिओवाल्यांकडे गेलो. तार न जोडता कर्णा वाजतो का, विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाणी दिलं. म्हणाले, चार दिवस लेकीकडे जाऊन या.

घरी आलो तर कर्ण्यातून कण्हणं. हळू. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये असं.

मला आता हाक मारत नाही. माझ्यावर पाणी सोडलं तिनं.

२१ मार्च
आज दुसरीच हाक. ठके. ठके गं.

लेकीचं लाडाचं नाव. आईशिवाय कुणी घेत नाही. पोरगी तेव्हा सहा तासांच्या अंतरावर होती. मी भिंतीपलीकडे, आणि हिनं हाक मारली ती तिला. ठके, ये गं, मला उठव.

दोन्ही कर्ण्यांत गाद्या कोंबल्या. गादीतूनही—

लेकीचा फोन आला. रविवारी येते म्हणाली. मी म्हटलं येऊ नको, रंगकाम चालू आहे. तिनं उलट विचारलं, बाबा, मागे कोण बोलतंय.

२२ मार्च
करवत आणली. पत्रा कापला जात नाही. करवत टेकवली की आतून दुखल्यासारखं— नाही जमत मला. दुसऱ्यांदा नाही जमत.

ठके. ठके गं. दिवसभर.

खरं फोनवर सांगून टाकू का? तिला इथे येऊन कळण्यापेक्षा— तीनदा नंबर लावला. तिन्ही वेळा ठेवला.

२३ मार्च
आली. न सांगता, एक दिवस आधीच. माझा आवाज ऐकून राहवलं नाही म्हणे. दारातच तिला धरलं, मागल्या बाजूनं स्वयंपाकघरात आणलं, चहा दिला. बशीत सांडला. कर्णे गप्प होते. गप्प! मला वाटलं, सुटलो. मग सांगायला बसलो. म्हटलं, तुझ्या आईबद्दल एक— ती म्हणाली, आधी बॅग ठेवून येते.

पुढच्या खोलीत गेली.

समोर बसून सांगायला तोंड नाही, म्हणून इथे लिहितोय. वहीच तिच्या हातात देईन. ठके, मी जवळ नव्हतो. हाक ऐकली होती मी. ऐकून बसून राहिलो. आता

व्हायोलिन.

गाद्या ओढून काढल्याचा आवाज येतोय. आईनं हाक मारली. आणि ही म्हणाली, आले गं आई.

ओ दिली पोरीनं. पहिल्याच हाकेला.

सपाता. एक नीट, एक घासत. आणि आता पोरीची पावलं त्यांच्या मागून, पत्र्यावर वाजतात तशी—

बाबा, म्हणून ओरडली. घाबरलीय. खोलीतून नाही येत आवाज, आतून येतोय, लांबून. पुन्हा बाबा. आणखी लांबून. ऐकलं मी, ठके, ऐकलंय, उठतोच आहे, फक्त हे तुला नीट कळावं म्हणून एवढं वाक्य पुरं करून