पोरक्या ट्रेची धुरी

आदरणीय मत्याकूब मामांना,

तेर्मेझहून भाचा शोनजर याचा, हात छातीशी नेऊन सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या तंदूरला गेलेली चीर बुजली का? ते म्हातारं गाढव अजून पाहुण्यांवर ओरडतं का? (मला ते कधीच आवडलं नाही, पण चौकशी केली नाही तर मामी रुसतील.) इकडे आम्ही सगळे भाजून निघालोय, बाकी खुशाल आहोत. दक्षिणेकडून गरम वारा सुटला की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई कढत हिरवा चहा करतात. मी पडलो घरजावई, त्यामुळे मला नको म्हणता येत नाही.

तुम्ही मागे विचारलं होतंत की एवढं शिकून मी करतो तरी काय. मामा, मी गव्हाचे कोंब भाजतो. हसू नका. उष्णता फार झाली की पेशीतली प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोळा होऊन बसतात आणि रोप मरतं. पण त्याच पेशीत काही प्रथिनं अशी असतात, की लग्नघरात दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांच्या अंगावर पडायला लागले की आपली थोरली आत्या मधे शिरून ज्याला त्याला जागेवर बसवायची, तसं ती करतात. गंमत अशी की ही आत्या आयत्या वेळी बोलावली तर उशिरा येते. आदल्या दिवशी रोपाला बेताची ऊब दिली, तर मात्र ती आधीच घरात हजर असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या भट्टीतून रोप जिवंत बाहेर येतं. रोपाला हे कळतं कसं, या विचाराने मला कधीकधी जेवणही सुचत नाही. (मेंग्ली म्हणते, बायकोचा वाढदिवसही सुचत नाही.)

संस्थेत वीज सारखी जाते, म्हणून कोंबांचे ट्रे मी घरीच वाढवतो, सासूबाईंच्या धाकट्या खोलीत. एका ट्रेला आदल्या संध्याकाळी गरम पेटीत ऊब द्यायची, दुसऱ्याला काही द्यायचं नाही, आणि सकाळी दोन्ही संस्थेच्या भट्टीत घालायचे. पहिला जगायला हवा, दुसरा मरायला हवा. पण झालं काय, तर दुसराही जगला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा जगला. आमचे राजाबोव साहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शिकवलेला पास, न शिकवलेलाही पास. मग मास्तर कशाला पोसायचा, शोनजर?" महिनाअखेर समिती येते आहे. तिला कारण सांगता आलं नाही, तर शरदात गहू पेरायला मिळणारी जमीन कापूसवाल्यांकडे जाणार, आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

मग एका संध्याकाळी मी खोलीच्या दारात उभा राहिलो आणि थक्क झालो. सासूबाईंनी मेंग्लीच्या लहानपणच्या पाळण्याची आच्छादनं पेटीतून काढून पसरली होती. त्यांखाली तो दुसरा ट्रे, शेजारी निखाऱ्यांचं तसराळं, आणि त्यावर इसिरिकच्या वाळक्या पाल्याची मूठ तडतडत होती. तान्ह्या बाळाची दृष्ट काढायला धुरी देतात, अगदी तशी. मी विचारलं तर उलट मलाच ऐकवलं, "जावईबापू, एकाला रोज उबेत निजवता आणि या पोरक्याकडे ढुंकून बघत नाही. तुमच्या ख्वारझ्ममध्ये असंच करतात का? अजून जन्माचे चाळीस दिवससुद्धा झाले नाहीत बिचाऱ्याचे."

मी रागवायला हवं होतं. पण मला वेगळंच कुतूहल लागलं. पोरका ट्रे वाचला तो निखाऱ्यांच्या उबेने की धुराने? बहुतेक उबेनेच, पण नक्की कोणी सांगावं? मी नवे ट्रे लावले. एकाला नुसते निखारे, एकाला गार केलेला धूर, एकाला काहीच नाही. सासूबाईंनी रात्रीतून नुसत्या निखाऱ्यांवर इसिरिक टाकलं, गार धुराला निखारे दिले, आणि ज्याला काहीच नव्हतं त्याला दोन्ही दिलं, वर रडल्या. कुलूप लावलं तर किल्ली त्यांच्याच कमरेला, कारण घर त्यांचं. अशाने शास्त्र पुढे जायचं कसं?

मुलांना आशीर्वाद, मामींना सलाम.

तुमचा भाचा,
शोनजर

ता. क. खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो. खरबुजं पिकली असतील, तर ती खायला म्हणून सासूबाईंना पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. तेवढ्यात माझे ट्रे कोणाचा हात न लागता तयार होतील.

ता. क. २. धूर बिनकामाचा ठरला, तर ते त्यांना सांगणार कोण? मी इथे आल्यापासून माझ्या एकाही वस्तूला त्या 'आपली' म्हणाल्या नव्हत्या. माझे बूट म्हणजे 'ते बूट', माझा पगार म्हणजे 'तो पगार'. परवा शेजारणीला म्हणाल्या, "आमची रोपं." मामा, मला भरून आलं. तेव्हा सांगायचं झालं तर तुम्हीच सांगा. मला त्यांच्या घरात राहायचंय.

ता. क. ३. मेंग्लीने खरबुजांचा विषय नुसता काढला, तर सासूबाई बोचकं बांधून तयार. गुरुवारच्या गाडीने निघतायत. पोरका ट्रे माझ्या भरवशावर ठेवायला तयार नाहीत, मांडीवर घेऊन येतायत, इसिरिकसकट. आता वाळवंटातून दिवसभर त्या डब्यात काय उकाडा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तो ट्रे स्टेशनवर उतरेल तेव्हा पुरता शिकून आलेला असेल. त्या धुरी देतील, मग तुमच्या अंगणातल्या उन्हात ठेवतील, आणि तो मजेत जगेल. इथे मी रिकाम्या खोलीत नवे ट्रे पेरून समितीला काय खरं ते सांगेन. तिथे त्या "बघा, धुरीने वाचला की नाही?" असं विचारतील. तुम्ही फक्त "वाचला हो, विहीणबाई" म्हणा, आणि खरबुजाची आणखी एक फोड पुढे करा.