डावीकडची सीट

३ फेब्रु., सोमवार
नागावला जाऊन गाडी पाहिली. एका मुंबईकराचा बंगला, गाडी त्याच्या शेडमध्ये. दोन दारांची, जर्मन, गडद निळी. मीटर १,८६,४१२. मेकॅनिक हिराजीला बरोबर नेलं होतं. त्याने बॉनेट उघडायच्या आधी ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं. गुळगुळीत झालेलं. म्हणाला, मीटर खरा आहे, कोणी मागे फिरवलेला नाही. मग गार इंजिन चालू केलं. धूर नाही. तेलाच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही. शेवटी गाडीखाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने पत्रा टोचत बराच वेळ होता.
ड्रायव्हरच्या सीटचं कातडं कडेला फाटलंय. डावीकडची सीट मात्र नव्यासारखी. एक सुरकुती नाही.
"हिच्यावर कुनी बसलंच न्हाय, भाऊसाहेब."
तलाठ्याची नोकरी संपून तीन वर्षं झाली, भाऊसाहेब काही सुटत नाही.

५ फेब्रु., बुधवार
शशीचा पनवेलहून फोन. हिचा धाकटा भाऊ. सहा ट्रक आहेत, गाड्यांतलं कळतं. कोणीतरी त्याला सांगितलेलं दिसतं.
"भावोजी, या वयात लोक उंच खुर्ची शोधतात. तुम्ही जमिनीला टेकून बसायची गाडी बघताय. आणि तिचं दार बघितलंत का? केवढं लांब नि जड. उघडायला दोन हात लागतात."
मग म्हणाला, ताईसाठी का?
काशीदला एकदा हॉटेलबाहेर अशी गाडी उभी होती. ही तिच्याभोवती फिरून आली नि म्हणाली, आपल्याला हीच पुरे. दोघं पुढे, मागे नारळाचं पोतं. मूल नसल्याचा विषय निघाला की ही असंच काही बोलून मोकळी व्हायची. तेव्हा मी हसलो होतो.
नोव्हेंबरात हिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं ते रिक्षातून. वाडीतून रस्त्यापर्यंत खुर्चीवर, रिक्षावाला आत येईना.

८ फेब्रु., शनिवार
हिराजीला विचारलं, किती चालेल ते नीट सांग. त्याने हात पुसले, बिडी काढली, पेटवली नाही.
म्हणाला, इंजिन हायवेवर चाललेलं आहे, अजून लाखभर किलोमीटर तक्रार करणार नाही. गिअरबॉक्सचं तेल बदलू. पण गेली दोन वर्षं गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी होती. मागच्या चाकाजवळ पत्रा खारवलाय.
"धावून न्हाय मरायची ही. उभी ऱ्हायली तर मरंल. घेनार असाल तर रोज फिरवा."
घेतली.

११ फेब्रु., मंगळवार
गाडी घरी आली. शेजारच्या वहिनींनी ओवाळलं. नारळ मी फोडला. सुपारीच्या झाडांमधून आत येताना दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. माझ्या बाजूचं दार कसंबसं उघडतं, मी पोट आत घेऊन उतरतो.
मागची पानं चाळली. हिराजी गाडीला 'ही' म्हणतो. मी या वह्यांत एकतीस वर्षं हिला 'ही' लिहीत आलोय. गोंधळ व्हायचा. गाडीला यापुढे गाडीच लिहायचं.

१४ फेब्रु., शुक्रवार
रोज सकाळी अलिबागपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. दहाला निघायचं, स्टँडजवळ चहा, साडेअकराला परत. दुसरं काही कामही नाही.
आज येताना दवाखान्यासमोरचा गतिरोधक ओलांडला आणि टिंग टिंग सुरू झालं. समोर लाल दिवा. पट्ट्याचं चित्र. माझा पट्टा लावलेला होता. बाजूला थांबून गाडीचं पुस्तक पाहिलं. डावीकडच्या सीटवर माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असा त्याचा अर्थ.
सीटवर काही नव्हतं. वर्तमानपत्रसुद्धा मागे ठेवलं होतं.
चौलला घरापर्यंत वाजत राहिलं.

१५ फेब्रु., शनिवार
जाताना नाही. येताना दवाखान्यासमोर. घरापर्यंत.

१७ फेब्रु., सोमवार
काल मुद्दाम काशीदला गेलो. रेवदंड्याचा पूल, पुढे सगळे खड्डे. जाताना येताना शांत. आज अलिबाग. येताना दवाखान्यासमोर सुरू.
हिराजीकडे गेलो. त्याला गंमत वाटली. सीटच्या गादीखाली एक पातळ जाळी असते, वजन पडलं की तिला कळतं, माणूस बसला. जुनी झाली की उगाच वाजते.
मी म्हटलं, दवाखान्यासमोरच का?
म्हणाला, तिथला गतिरोधक केवढा आहे, दणका बसतो.
जाताना तोच गतिरोधक लागतो, मी म्हटलं.
"जाताना सीट गार. येताना डाव्या अंगानं ऊन येतं, ती तापते. तापली की खुळावते. यष्टीसारखं बोर्डावर लिवलंय काय, दवाखाना ते चौल?"
पटलं. नवीन जाळी मुंबईहून मागवतो म्हणाला, दहाबारा दिवस लागतील.

१८ फेब्रु., मंगळवार
आज दुपारी तीनला गेलो, पाचला परत. ऊन उजवीकडून, माझ्या अंगावर. डावी सीट सावलीत, हात लावून पाहिली, गार होती.
दवाखान्यासमोर सुरू.

२० फेब्रु., गुरुवार
आज तो आवाज सहन होईना. चालवता चालवताच हात लांब करून डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून लावून टाकला. लगेच बंद.
हिला पट्टा आवडायचा नाही. शशीच्या गाडीत बसली की म्हणायची, गळ्याशी येतो. मी सांगितलं की लावायची. कुरकुर करत, पण लावायची.
नागाव ते घर एकदाही डावीकडे पाहिलं नाही. पट्टा सपाट आहे की फुगलेला, ते बघायचं नव्हतं.

२२ फेब्रु., शनिवार
ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे.
हिला दवाखान्यात नेल्यावर तिसऱ्या दिवशी मी देवळात कौल लावायला गेलो होतो. मी असल्या गोष्टींतला नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या म्हणून. बाळा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारलं, काय मागणं घालू? मी म्हटलं, ही घरी येईल का.
बाळाने तसंच घातलं. बोलणं संपायच्या आत उजवी कळी पडली. मी अलिबागला जाऊन हिला सांगितलं. हसली. हाताला सलाइन होतं, दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरला आणि म्हणाली, मग आज न्याल का?
मी म्हटलं, दोन दिवसांनी.
चौथ्या दिवशी ही घरी आली. ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत.
मला म्हणायचं होतं, बरी होऊन घरी येईल का. 'बरी होऊन' राहिलं. सारी नोकरी सातबारे लिहिण्यात गेली. एक शब्द राहिला तर माणसाची जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते, हे मी लोकांना समजावून सांगायचो.
हे कोणाला बोललो नाही. शशीलाही नाही.

२५ फेब्रु., मंगळवार
रोज जातो. रोज वाजतं. पट्टा लावतो.
आज एक विचार आला, तो गेला नाही. ही त्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून आलीच नसेल तर? ते नुसतंच... आणि ही अजून तिथे, मग आज न्याल का म्हणत. मी रोज जातो. रोज घेऊन येतो. मग दुसऱ्या दिवशी परत तिथेच कशी?

२८ फेब्रु., शुक्रवार
हिराजीचा निरोप, जाळी पुढच्या शुक्रवारी येतेय. तोवर त्रास नको म्हणून त्याने सीटखालचा पिवळा प्लग काढून दिला. "आता देव बसला तरी वाजनार न्हाय."
अलिबागला जाऊन आलो. येताना दवाखान्यासमोर गती कमी केली. गतिरोधक. दणका. काही नाही. आक्षीचा पूल, नागाव, काही नाही.
घरी पोचेपर्यंत घामाने भिजलो होतो. आता सीटवर कोणी असलं काय नि नसलं काय, कळायला मार्ग नाही. बसली असेल आणि मी नुसता शेजारी चालवत असेन.
संध्याकाळच्या आत सीटखाली हात घालून प्लग परत लावला.

२ मार्च, रविवार
बाळा गुरवाकडे गेलो. सकाळची पूजा झाली होती, देवळात आम्ही दोघंच. त्याने कळ्या लावल्या आणि पाणी शिंपडलं.
"काय घालू?"
म्हटलं, ही घरी पोचली का.
बाळा वळून माझ्याकडे बघत राहिला. "ही कोण? गाडी?"
मी नाही म्हणून मान हलवली.
"भाऊसाहेब, देवीला 'ही' कळत नाही. नाव घ्या. गेल्या वेळीही मी म्हणणार होतो, पण तुमचं तोंड बघून गप्प बसलो."
एकतीस वर्षांत मी हिचं नाव हिच्यासमोर घेतलेलं नाही. अगं म्हटलं की यायची. दवाखान्याच्या कागदांवर लिहिलं, तेवढंच. आज म्हटलं, सुनंदा. आवाज घोगरा आला, परत म्हणावं लागलं. सुनंदा घरी पोचली असेल, तर उजवा कौल दे.
बाळाने शब्दाला शब्द घातलं. आम्ही उभे राहिलो. वर कौलांवर माकडं धावत होती, तरी कळ्या हलल्या नाहीत. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग डावी पडली.
बाळा म्हणाला, बाहेर पायरीवर बसा जरा.

३ मार्च, सोमवार
काल दुपारी वाडीत गाडीजवळ उभा होतो. डावी कळी डोक्यातून जाईना. डावीकडे सुपारीचं झाड दाराला जवळजवळ टेकलेलं. गाडी आणल्यापासून मी ते दार घरी एकदाही उघडलेलं नाही. पट्टासुद्धा माझ्याच जागेवरून लावतो आणि काढतो. मी पोट आत घेऊन उतरतो, कुलूप लावतो, आत जातो. दोनच दारं. शशी म्हणाला होता, उघडायला दोन हात लागतात. हिच्या एका हाताला सलाइन.
आज गेलो. येताना दवाखान्यासमोर वाजायला लागलं. आज पट्टा लावला नाही. वाजू दिलं. वाडीत आत शिरलो नाही, रस्त्यावरच फाटकासमोर गाडी उभी केली, डावीकडे भरपूर जागा ठेवून. इंजिन चालू ठेवलं. उतरून पलीकडे गेलो आणि दार पूर्ण उघडलं. खरंच जड आहे. उन्हात दार धरून उभा राहिलो. म्हटलं, सुनंदा, सावकाश.
शेजारच्या वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांचा तांब्या तसाच हातात राहिला.
किती वेळ गेला ते सांगता येत नाही. टिंग टिंग चालू होतं, मग नव्हतं. दार लावून मी पुढे चालत घरात गेलो. मागे वळलो नाही. वहिनींनी नंतर विचारलं, पाहुणे कोण आले होते? म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, असं होय, मला वाटलं तुम्ही कोणासाठी तरी थांबत थांबत चालताय.

४ मार्च, मंगळवार
गाडी काढली नाही.
घरात वेगळं काही नाही. सकाळी चहा जास्त टाकला गेला, पण तो नोव्हेंबरपासून तसाच टाकला जातोय.

५ मार्च, बुधवार
आजही काढली नाही. हिराजी वाटेवरून जाताना थांबला. चाकामागच्या पत्र्यावर बोट फिरवून दाखवलं, दोन दिवसांत तांबूस आलंय. "उभी ठेऊ नका म्हनलं ना." शुक्रवारी जाळी बसवायला येतो म्हणाला. एकदा बसली की विषय मिटला.
म्हणजे उद्याचा एकच दिवस. अलिबागला गेलो आणि येताना वाजलं, तर ही अजून तिथेच. नाही वाजलं, तर घरी पोचली. किंवा गेली.
काशीदलाही नेता येईल गाडी. फिरवायचीच तर तिथेही फिरेल.
चावी खुंटीवर आहे. डावीकडची काच आतून पुसून ठेवली.