ईस्ट टॅनरीची कुंपण-निरीक्षक

ईस्ट टॅनरी, व्हरमाँट
२६ मे

प्रिय मिरसाददादा,

तुझ्या धाकट्या बहिणीचा मनापासून सलाम. डावा गुडघा काय म्हणतो? रक्तदाबाची गोळी रोज घेतोस की अजून फक्त रविवारी, सगळ्या एकदम? आम्ही इकडे ठीक. तुझा मेहुणा फिक्रेत पाठ दुखते म्हणून बर्फ काढत नव्हता. बर्फ वितळल्यापासून पाठही बरी आहे. सेंट लुइसला उन्हाळा सुरू झाला असेल, जपून राहा. एवढं विचारून झालं, आता माझं ऐक. तुझी बहीण सरकारी अधिकारी झाली आहे. (हसू नकोस. निवडून आले आहे.)

गेल्या ऑक्टोबरात मी नागरिकत्वाची शपथ घेतली, ते तुला फोनवर रडत रडत सांगितलंच होतं. त्या दिवशी एका दालनात आम्ही एकोणीस देशांची माणसं हात वर करून उभी होतो, आणि शेजारच्या व्हिएतनामी बाईने मला तिचा रुमाल दिला, तो अजून माझ्याकडेच आहे. परीक्षेसाठी मी शंभर प्रश्न पाठ केले होते. पण या देशात एखादी गोष्ट मनातून हवी असताना काय म्हणायचं, हे त्या शंभरात कुठेच नव्हतं. इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. सगळं गाव शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्यांवर बसतं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यापासून कुत्र्यांच्या परवान्यापर्यंत सगळं हात वर करून ठरवतं. दुपारी सगळ्यांनी आणलेलं जेवण. (मी खिमा भरलेला बुरेक तीन पराती भरून नेला. सव्वाअकरालाच संपला, सभा अजून चौथ्याच ठरावावर होती.) मी गेले होते ती ग्रंथालयाची विश्वस्त व्हायला. आठ वर्षं दर गुरुवारी मी तिथे फुकट पुस्तकं लावते. ते पद मला किती हवं होतं हे फक्त फिक्रेतला आणि माझ्या उशीला ठाऊक.

आणि माझं नाव पुकारलंही गेलं! मी उठले, छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि आईने शिकवलं तसं म्हणाले, "नको नको, मी कसली! माझ्यापेक्षा लायक माणसं बसलीयेत." हा आपला पहिला नकार. दुसऱ्याला आवाज थोडा उतरवायचा, तिसऱ्याला 'आता तुम्ही एवढा आग्रह करताच आहात तर' म्हणून बसायचं. तुला काय सांगायला हवं? बोस्नियात आपल्या गावात तीनदा नाही म्हटल्याशिवाय कुणी कॉफीचा पेलासुद्धा उचलत नाही. पण सभाध्यक्ष लोईस बिगलोबाई म्हणाल्या, "बरं, सेनादा नाही म्हणते. दुसरं कोण?" एक घाव दोन तुकडे! दुसरं कोण तर एर्ल स्टॉडर्ड. त्याने "हो" म्हटलं आणि चाळीस सेकंदांत तो विश्वस्त. या माणसाच्या हातात पुस्तक मी एकदाच पाहिलंय, तेही तो डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवत होता.

अर्धा तास मी स्वतःवरच चडफडत होते. मग पुन्हा कुठून तरी "सेनादा" एवढं ऐकू आलं, आणि पद कोणतं हे ऐकायच्या आत मी खुर्चीवरून उसळून ओरडले, "हो! हो!! हो!!!" (तीन नकारांची भरपाई.) टाळ्या पडल्या. मी शेजाऱ्याला हळूच विचारलं, मी कोण झाले? तो म्हणाला, कुंपण-निरीक्षक. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. दोन शेजाऱ्यांत कुंपणावरून भांडण झालं तर निवाडा करायचा, असं हे दोनेकशे वर्षांपूर्वीचं पद, पगार शून्य. आम्ही तिघे निरीक्षक. त्यातला एकजण जून उजाडेपर्यंत फ्लोरिडात असतो. दुसरे ओटिसआजोबा, ते म्हणाले, "मी हे पद घेतलं ते काही करावं लागत नाही म्हणून. एकोणतीस वर्षांत कुणी बोलावलं नाही. तू आलीस आणि झालं सुरू!"

कारण एप्रिलमध्ये खरंच तक्रार आली. वेंडल प्रुइट, वय ८१, सफरचंदाची बाग, एकटा जीव. त्याच्या बांधाला लागून हलीमा मुयाचं शेत. ती सोमाली, नवऱ्याच्या माघारी सतरा शेळ्यांच्या दुधावर तीन मुली शिकवते. त्या शेळ्यांनी मधल्या कुंपणाच्या भगदाडातून जाऊन वेंडलची बावीस कलमं खाल्ली. वेंडलने कळवलं, एक जुलैपर्यंत कुंपण धड झालं नाही तर शेळ्या गावातून हलवा. हलीमा म्हणाली, "अर्धं कुंपण माझं, ते मी बांधलंय. भगदाड त्यांच्या अर्ध्यात आहे. विनवण्या मी करणार नाही." दादा, मला दोन रात्री झोप नाही. शेळ्या गेल्या तर त्या घरात उरतं काय?

पाहणीला मी फिक्रेतची मोजपट्टी घेऊन आणि चांगला कोट घालून गेले. ओटिसआजोबा गाडीतच बसले (मत मात्र देतो म्हणाले). भगदाड पाहिलं. शेळ्यांच्या खुरांचे ठसे होतेच, पण मधोमध एक पायवाट होती, गवत पार झिजलेलं, आणि त्यावर मोठ्या बुटांचे ठसे. त्या बुटांत उभा वेंडल माझ्याशेजारीच होता. मी ठशाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. तो आभाळाकडे पाहू लागला. तेवढ्यात पलीकडून हलीमाची धाकटी ओरडली, "आजोबा, येताय ना? चहा निवतोय!"

म्हणजे बघ. वर्षभर हा माणूस रोज संध्याकाळी चारला त्याच भगदाडातून वेलदोड्याचा चहा प्यायला जातो, आणि म्हणून ते बुजवत नाही! "मग तक्रार कशाला केलीत?" मी विचारलं. "शेळ्यांविरुद्ध केली," तो म्हणाला, "चहाविरुद्ध नाही." रस्त्याने गेलात तर? "रस्त्याने गेलं तर पाहुण्यासारखं वाटतं." हलीमा ओढणी तोंडाला लावून हसत होती. मी तिथल्या तिथे निकाल दिला: वेंडलने आपलं अर्धं कुंपण बांधावं, आणि मधोमध एक कापिजिक असावं. दोन अंगणांमधलं आपलं ते छोटं दार रे, ज्यातून आई पलीकडे पीठ मागायला जायची. कडी अशी, की माणसाला उघडेल, शेळीला नाही. वेंडल म्हणाला, "वाईट नाही." (इथे याचा अर्थ लोक आनंदाने नाचले असा होतो.) ओटिसआजोबांनी खिडकीतून हात वर केला. दोन विरुद्ध शून्य, मंजूर.

त्या दिवशी ओटिसआजोबांनाही गाडीतून उतरवून आम्ही चौघांनी चहा घेतला. हलीमाने दुसरा पेला विचारला, मी सवयीने नको म्हणाले, तिने न ऐकता भरला. तिच्याकडेही तीनदाचीच रीत आहे, दादा! तिसरा पेला घेताना मला वाटलं, मी या गावाची झाले.

तुझी,
सेनादा
(कुंपण-निरीक्षक, बिनपगारी)

ता. क. : दार कोण करणार, हे वेंडलने विचारलं. मी म्हणाले, माझा भाऊ. तो बोस्नियातला नावाजलेला सुतार आहे आणि जूनमध्ये येतोच आहे. हे तुला आत्ता कळतंय याची मला कल्पना आहे. मुदत एक जुलै. दार नाही झालं तर शेळ्या जातील. रंधा आण, इथले चांगले नाहीत.

ता. क. २ : रझियावहिनी गेल्यापासून मी तुला चारदा बोलावलं. चारही वेळा तू "नको, कशाला उगीच त्रास" म्हणालास, आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. लोईसबाईंवर दातओठ खात घरी आले त्या रात्री हे माझ्या लक्षात आलं. चूक माझी आहे, दादा. तू तिकडे एकटा दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसला असशील. तर हे पत्र म्हणजे पहिलं बोलावणं. दुसरं रविवारी फोनवर. तिसरं करायला फिक्रेत सोमवारी गाडी घेऊन निघतोय, तोवर दोनदा नाही म्हणून घे.