१८८७ सालचं घर

४ मार्च

खोटं निघालं! पाकीट फोडल्याबरोबर कळलं. रंग नाण्यावर नुसता बसलाय, मुरलेला नाही — ओठांबाहेर गेलेल्या लिपस्टिकसारखा. कुणीतरी गंधकाच्या धुरावर धरून एका दुपारीत उरकलंय. चांदीनं स्वतःहून रंग धरायचा तर बँकेच्या तळघरात, कापडी थैलीत, वर्षानुवर्षं पडून राहावं लागतं. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, हिरवा शेवटी. इथे पिवळ्याला खेटून थेट हिरवा!

उद्या परत पाठवते. हे तिसरं.

अल्बमचं पान उघडून बसले. १८७८ ते १८९०, वर्षाला एक चांदीचा डॉलर. तेरा घरं. बारा भरली. १८८७चं रिकामं.

५ मार्च

टपालवाली ट्वायला पाकीट न्यायला पार दारापर्यंत आली. नियमानं तिनं रस्त्यावरच्या पेटीशीच थांबायचं. पेटी साठ पावलांवर.

"वर्नाबाई, वरच्यांनी विचारलं तर काय सांगू? बाईंचे पाय दुखतात?"

"सांग तसंच."

"चार वर्षं?"

हसत होती. मला नाही हसू आलं.

९ मार्च

नवरा जाऊन चार वर्षं झाली आज. डॅरिल दुकानात रांगेत उभा होता, हातात खिळ्यांची पिशवी. मागे वळून मला म्हणाला, "घरी दूध आहे ना गं?" — आणि पडला. मी दूध आहे म्हणाले. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

त्यानंतर आधी ते दुकान सुटलं. मग चर्च. मग सगळा गाव. मग पेटी. कुणी कोंडलेलं नाही मला. दाराला कडीही नसते. पायरीवर पाय ठेवला की छाती आवळते, हात बधिर होतात, वाटतं आता माझी पाळी.

नाणी टपालानं येतात म्हणून नाणी. त्यांना बंद जागीच रंग चढतो. मला नाही चढला.

१२ मार्च

नाण्यांच्या क्लबच्या पत्रिकेत छोटी जाहिरात — १८८७, थैलीतला रंग. फोन केला. लिओनार्ड स्विताक. चाळीस मैलांवर, ब्याऐंशीचा.

"नाण्यावरच्या चेहऱ्याला रंग कुठून सुरू होतो?" मी विचारलं.

"हनुवटीखालून, बाई. पिवळा. गालावर किरमिजी. केसांत शिरताना निळा. आणि मधे कापडाची वीण उमटलीय — धागे मोजून घ्या!"

खरं आहे ते नाणं!

"पाठवून द्या."

"टपालानं नाही. तुम्ही या."

"माझी गाडी बिघडलीय." (धडधडीत खोटं. गाडी ट्वायला दर पंधरवड्याला चालू करून ठेवते.)

"मग दुरुस्त करा. माझी नजर चाललीय, किरमिजी आता मला तपकिरी दिसतो. महिनाअखेरीला ओमाहाचा दलाल सगळंच उचलणार. तो धुऊन लख्ख करून विकेल. ज्याला रंग दिसतो त्याच्याकडे गेलं तर बरं. म्हणून थांबलोय."

१५ मार्च

पेटीपर्यंत गेले! ट्वायलाचा दंड धरून. साठ नाही, त्र्याहत्तर पावलं. परतताना पळाले. दार लावून जमिनीवर बसले, तर बाहेरून ही ओरडतेय, "अहो, माझी टोपी आत नेलीत!"

संध्याकाळी तिच्यासाठी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले.

२२ मार्च

एकटीनं गाडी काढली. पेटीपुढचा कच्चा रस्ता संपून डांबरी लागतो तिथपर्यंत गेले. वरून क्रौंच पक्ष्यांचे थवेच्या थवे चाललेले, सगळं आभाळ केकाटत होतं. काच खाली केली आणि हात बधिर झाले. स्टिअरिंगवरचे माझेच हात मला परके वाटायला लागले. दार उघडून ओकले. मग उलटी गाडी घालत, वळायचा धीरही न होता, घरापर्यंत मागे आले.

एकसष्ट वर्षांची बाई!

२३ मार्च

अल्बम उघडला नाही.

२७ मार्च

स्विताकना फोन केला. म्हटलं, गाडी बिघडलेली नाही. मी बिघडलेय. चार वर्षं घर सोडून कुठे गेलेली नाही. पाठवणार नसाल तर दलालाला द्या, माझं काही म्हणणं नाही.

मग फोन ठेवला त्यांनी. बरोबरच आहे. वेड्या बाईशी कोण बोलणार?

२८ मार्च

सकाळी सातला त्यांचा फोन.

"बाई, टपालावर माझा राग नाही. पोस्ट माझ्या घरासमोर आहे. खिडकीतून दिसतं. रस्ता ओलांडायचा, बस्स."

"मग?"

"अकरा वर्षं ओलांडलेला नाही. मला वाटलं, तुम्ही आलात तर कुणाला सांगावं लागणार नाही."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "दलालाला नाही म्हणा. येते मी."

ट्वायलाची उद्या सुटी आहे. विचारलं, तर म्हणाली, "टोपी परत देणार असाल तरच."

२९ मार्च

स्विताकच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. वाटेत नऊ वेळा थांबले. ट्वायला बाहेर गाडीत झोपलीय.

नाणं टेबलावर आहे, मी त्याचे रंग एकेक करून त्यांना सांगितले. अजून हातात घेतलेलं नाही. आधी रस्ता ओलांडायचं ठरलंय, दोघांनी. मला भीती वाटतेय. त्यांना माझ्याहून जास्त.

ते आतल्या खोलीत कोट शोधताहेत.